घटस्फोटाचे वाद न्यायालयाबाहेर : दिल्ली परिसरातील मध्यस्थीची वाट आणि तिच्या मर्यादा

नवी दिल्ली : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण वैवाहिक वादांना अर्धीच लागू पडते. पोटगी किती, दागिने कोणाकडे, मूल कोणाजवळ राहणार, राहत्या घराचे काय, हे सारे प्रश्न पती-पत्नीला न्यायालयाबाहेर समोरासमोर बसून सोडवता येतात आणि कायद्याचीही तशीच अपेक्षा आहे. विवाह संपुष्टात आणण्याचा अधिकार मात्र अशा बैठकीला नाही. त्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद या शहरांत गेल्या २ दशकांत मध्यस्थीची मोठी व्यवस्था उभी राहिली आहे. तिच्याकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हा फरक ठाऊक नसल्यामुळे अनेक कुटुंबांची तडजोड अर्ध्या वाटेवर मोडते.

नोकरीनिमित्त राजधानी परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत ही गुंतागुंत आणखी वाढते. विवाह नागपूर किंवा पुण्यात झालेला, संसार गुरुग्राममध्ये, तक्रार माहेरच्या पोलीस ठाण्यात आणि घटस्फोटाचा अर्ज तिसऱ्याच ठिकाणी, असा प्रकार अपवादात्मक राहिलेला नाही.

करार म्हणजे घटस्फोट नव्हे

न्यायालयाबाहेर मिटलेल्या वैवाहिक वादाचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण १९व्या शतकातील आहे. बालपणी झालेला विवाह अमान्य करून नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंविरुद्ध पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पतीकडे जावे अथवा ६ महिने कारावास भोगावा, असा निर्णय मार्च १८८७ मध्ये झाला. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली आणि २ हजार रुपये स्वीकारून दादाजींनी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा आग्रह सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. वाद मिटला, पण कायद्याच्या दृष्टीने विवाह कायमच राहिला, कारण त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोटाची तरतूदच नव्हती.

आज तरतूद आहे. तरीही तडजोड आणि विवाहविच्छेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व बदललेले नाही. मुद्रांकपत्रावर दोघांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का उमटवून केलेली ‘सोडचिठ्ठी’ हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली घटस्फोट ठरत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरा विवाह केल्यास तो द्विभार्या प्रतिबंधाच्या कचाट्यात सापडतो. याला एकच महत्त्वाचा अपवाद आहे. ज्या समाजांत काडीमोड वा फारकतीची रूढी पूर्वापार चालत आलेली आहे, त्यांच्या रूढीला याच कायद्याच्या २९व्या कलमातील दुसऱ्या पोटकलमाने संरक्षण दिले आहे. मात्र आव्हान दिले गेल्यास ती रूढी प्राचीन, अखंड आणि सर्वमान्य असल्याचे पुराव्याने सिद्ध करावे लागते. केवळ जातीचे नाव सांगून भागत नाही. जातपंचायतीने दंड ठोठावून किंवा वाळीत टाकण्याची धमकी देऊन घडवून आणलेला काडीमोड हा तर वेगळाच विषय आहे. महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने तसा बहिष्कार गुन्हा ठरवला आहे.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात परस्पर संमतीने विवाह संपवण्याचा ‘मुबारत’ आणि पत्नीच्या पुढाकाराने होणारा ‘खुला’ हे न्यायालयाबाहेरील मार्ग मान्य आहेत. तलाकपूर्वी दोन्ही कुटुंबांकडील एकेका पंचाने समेटाचा प्रयत्न करावा, या अटीला सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या निकालात महत्त्व दिले. एकाच दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आणि दंडनीय आहे. दारुल-कझासारख्या संस्थांनी दिलेल्या निवाड्यांना कायद्याचे बंधन नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये स्पष्ट केले. पक्षकारांनी ते स्वेच्छेने मानावेत, सक्ती करता येणार नाही.

लवाद हाही पर्याय येथे बंद आहे. घटस्फोट, न्यायिक विभक्तता आणि मुलांचा ताबा हे विषय लवादाकडे सोपवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नमूद केले. लोकअदालतीत पोटगी, स्त्रीधन यांसारखे वाद मिटतात. घटस्फोट मात्र तिच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. त्यामुळे उरते ती मध्यस्थी, म्हणजे निर्णय न देणाऱ्या तटस्थ व्यक्तीच्या साहाय्याने दोघांनी स्वतःच काढलेला तोडगा.

तीस हजारीपासून ‘समाधान’पर्यंत

न्यायालयात आलेले वाद तडजोडीसाठी पाठवण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८९व्या कलमाद्वारे १ जुलै २००२ पासून लागू झाली. प्रत्यक्ष यंत्रणा उभी राहण्यास आणखी ३ वर्षे लागली. तत्कालीन सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांनी एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समिती स्थापन केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयात न्यायिक मध्यस्थीचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. मे २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आवारात ‘समाधान’ हे मध्यस्थी केंद्र सुरू झाले. जिल्हा न्यायालयांतील केंद्रांत सुरुवातीला न्यायाधीश मध्यस्थ म्हणून बसत, तर ‘समाधान’ची घडण प्रशिक्षित वकिलांभोवती झाली. आज कडकडडूमा, रोहिणी, द्वारका, साकेत, पतियाळा हाउस येथील न्यायालयांतही अशी केंद्रे आहेत. मध्यस्थांसाठी ४० तासांचे प्राथमिक प्रशिक्षण प्रकल्प समितीने आखून दिले आहे.

कुटुंब न्यायालयांचा इतिहास याला समांतर चालतो. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे अशी न्यायालये १९८९ मध्येच सुरू झाली, राजधानीला मात्र २००९ पर्यंत थांबावे लागले. या कायद्याचे ९वे कलम समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य न्यायाधीशांवरच टाकते. महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक हा कामकाजाचा नित्याचा घटक असतो. दिल्लीत समुपदेशकांच्या जोडीला मध्यस्थी केंद्राकडे प्रकरण पाठवण्याचा प्रघात अधिक रुळला आहे. समुपदेशक संसार सावरण्याच्या दिशेने बोलतो. मध्यस्थ एकत्र राहणे आणि सन्मानाने वेगळे होणे या दोन्ही शक्यता खुल्या ठेवतो. बाहेरगावच्या पक्षकारांना हा फरक पहिल्याच दिवशी समजावून सांगितला जात नाही, ही या व्यवस्थेतील जुनी उणीव आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी वैवाहिक मध्यस्थीला बळ दिले. दुरावलेल्या नात्यांतून उद्भवणारे वाद मध्यस्थीला विशेष अनुकूल असतात, असे २०१० च्या निकालात म्हटले गेले. त्यानंतर २२ फेब्रुवारी २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने कुटुंब न्यायालयांना वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवण्याचे निर्देश दिले. दावा दाखल होण्यापूर्वीच तडजोडीचा प्रयत्न व्हावा म्हणून मध्यस्थी केंद्रांत स्वतंत्र कक्ष उघडण्याची सूचनाही त्याच निकालातील. हुंड्यासाठी छळ करणाऱ्याला पळवाट मिळेल अशा रीतीने मध्यस्थीचा वापर होऊ नये, हे बजावण्यासही खंडपीठ विसरले नाही.

बंद दाराआड काय घडते

न्यायालयाने प्रकरण पाठवले, अथवा दाव्यापूर्वी एका पक्षाने विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला, की दोघांना तारीख दिली जाते. पहिल्या बैठकीत मध्यस्थ आपली भूमिका सांगतो. तो निर्णय देणार नाही, साक्ष देणार नाही आणि येथे बोललेले येथेच राहील. त्यानंतर संयुक्त बैठक होते व पुढे प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणी. या स्वतंत्र बैठकांत खरा प्रश्न उघड होतो, असा मध्यस्थांचा अनुभव असतो. कागदावर मागणी २५ लाखांची असते. मनात मात्र लग्नात आईने घातलेल्या बांगड्या परत मिळाव्यात, किंवा सासरच्यांनी एकदा तरी चूक कबूल करावी, एवढेच असते. न्यायालयाच्या हुकूमनाम्यात अशा गोष्टींना जागा नसते, करारनाम्यात ती करता येते.

न्यायालयाशी संलग्न केंद्रांत पक्षकारांकडून मध्यस्थाचे शुल्क घेतले जात नाही. खासगी मध्यस्थ नेमल्यास शुल्क परस्पर ठरते. वकील सोबत ठेवता येतो आणि ठेवावाही, कारण मध्यस्थ कोणा एकाला कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही.

गोपनीयता हा या प्रक्रियेचा कणा आहे. मध्यस्थी निष्फळ ठरल्यास मध्यस्थाने न्यायालयाला केवळ ‘तडजोड झाली नाही’ इतकेच कळवावे, कोण काय बोलले याचा तपशील देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. मुलांच्या बाबतीत मात्र एक अपवाद राजधानीतीलच प्रकरणातून पुढे आला. ताब्याच्या वादात मुलाशी बोलून समुपदेशकाने तयार केलेला अहवाल न्यायालय पाहू शकते, त्याला मध्यस्थीच्या गोपनीयतेचे कवच नाही, असा निर्वाळा फेब्रुवारी २०१९ मध्ये न्या. अभय सप्रे व न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने दिला. पालकांचे बोलणे गुप्त राहावे, हे त्यांच्या हिताचे असते. मुलाने काय सांगितले हे न्यायाधीशापर्यंत पोहोचणे मुलाच्या हिताचे ठरू शकते.

पैशाचे हप्ते आणि संमतीचे टप्पे

वैवाहिक करारनाम्याचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे पैसे कधी द्यायचे, हा. रक्कम ठरवणे त्या मानाने सोपे असते.

हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब हे १९७६ च्या दुरुस्तीने आले. किमान १ वर्ष वेगळे राहिलेल्या पती-पत्नीने संयुक्त अर्ज करायचा आणि ६ महिन्यांनंतर, पण १८ महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे, अशी त्याची रचना आहे. महाराष्ट्रात बहुधा एकाच अर्जावर दोन्ही टप्पे पार पडतात. दिल्लीत ‘फर्स्ट मोशन’ आणि ‘सेकंड मोशन’ असे दोन स्वतंत्र अर्ज दाखल होतात व दोन्ही वेळी जबाब नोंदवले जातात. मुंबई-पुण्याची पद्धत ठाऊक असलेले नातेवाईक पहिल्या अर्जावरील आदेशालाच घटस्फोट समजून बसतात, अशी उदाहरणे दिल्लीतील वकिलांच्या परिचयाची आहेत.

दोन टप्प्यांमधील हा काळ विचार बदलण्यासाठीच ठेवलेला आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच ठरवले. म्हणून पत्नीची धास्ती अशी, की संमती दिली आणि पैसे आलेच नाहीत तर काय? पतीची धास्ती उलट असते. सगळे पैसे आधीच दिले आणि दुसऱ्या वेळी ती हजरच राहिली नाही तर? या परस्पर अविश्वासावर दिल्लीच्या केंद्रांनी व्यवहारी तोड काढली आहे. एकूण रकमेचा एक हप्ता पहिल्या अर्जाच्या वेळी, दुसरा दुसऱ्या अर्जाच्या वेळी आणि शेवटचा फौजदारी गुन्हा रद्द होताना, न्यायालयासमक्ष धनाकर्षाने अर्थात डिमांड ड्राफ्टने दिला जातो. स्त्रीधनाची यादी करारासोबत जोडून वस्तू परत केल्याची पोच घेतली जाते. यादी जितकी बारकाईने केलेली, तितका नंतरचा तंटा कमी. ‘सर्व दागिने’ असे मोघम लिहिलेले करार पुन्हा न्यायालयात येतात.

करारानंतर एखाद्याने शब्द फिरवला तर? दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मे २०१८ मध्ये यावर सविस्तर विचार केला. घटस्फोटाला संमती देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, कारण संमती हाच या कलमाचा आधार आहे. मात्र न्यायालयाला हमी देऊन, तिचा लाभ घेऊन नंतर ती मोडणाऱ्याविरुद्ध अवमान कारवाई होऊ शकते, असा या निर्णयाचा आशय आहे. यामुळे करार मध्यस्थी केंद्रातच न ठेवता तो न्यायालयाच्या आदेशात समाविष्ट करून घेणे महत्त्वाचे ठरते.

प्रतीक्षेचा काळ आता अटळ राहिलेला नाही. न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी ६ महिन्यांची अट निर्देशात्मक असल्याचे जाहीर केले. दीड वर्षाचा एकूण कालावधी आधीच उलटून गेला असेल, समेटाचे सारे प्रयत्न थकले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा यांबाबत खरोखरच तडजोड झाली असेल आणि थांबण्याने केवळ यातनाच वाढणार असतील, तर कुटुंब न्यायालय ही अट शिथिल करू शकते. या कसोटीत झालेल्या तडजोडीला स्थान असल्याने मध्यस्थी यशस्वी झालेल्या दांपत्याला वेळेचाही लाभ होतो. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यात परस्पर संमतीची तरतूद २००१ मध्ये आली; तेथे वेगळे राहण्याचा कालावधी २ वर्षांचा आहे.

काही दांपत्यांना विवाह मोडायचा नसतो, केवळ वेगळे राहायचे असते. त्यांच्यासाठी कलम १० खाली न्यायिक विभक्ततेचा मार्ग आहे. वेगळे राहण्याचा खासगी करारही करता येतो, पण त्याने वैवाहिक दर्जा बदलत नाही. न्यायिक विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहजीवन पुन्हा सुरू न झाल्यास त्या आधारावर घटस्फोट मागता येतो.

रक्कम ठरवताना एक दस्तऐवज उपयोगी पडतो. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी बंधनकारक केले. मध्यस्थीच्या बैठकीला येण्यापूर्वी हे प्रतिज्ञापत्र एकमेकांना दिलेले असेल, तर घासाघीस निम्म्यावर येते. पतीचा पगार माहीत नसलेल्या पत्नीने मान्य केलेली रक्कम ही तडजोड नव्हे, अंदाज असतो. ‘यापुढे कोणतीही पोटगी मागणार नाही’ हे वाक्य करारात सर्रास घातले जाते. ते नेहमीच टिकते असे नाही. फौजदारी प्रक्रियेखालील पोटगीबाबत एकरकमी तडजोड झाली म्हणून हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखालील पत्नीचा दावा आपोआप संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. मुलाचा पोटगीचा हक्क तर मुलाचा स्वतःचा असतो, तो आईला सोडून देता येत नाही. ताब्याविषयीची कलमेही कायमची नसतात आणि मुलाच्या हिताला बाधा येते असे दिसल्यास न्यायालय त्यांत बदल करू शकते.

एक परिसर, तीन उच्च न्यायालये

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र मेट्रोच्या नकाशावर एकसंध दिसते. न्यायव्यवस्थेच्या नकाशावर त्याचे तुकडे आहेत. दिल्ली हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या, गुरुग्राम आणि फरिदाबाद हे चंडीगड येथील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या, तर नोएडा आणि गाझियाबाद हे प्रयागराज येथील अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. दिल्लीपासून चंडीगड सुमारे २५० किलोमीटर आणि प्रयागराज ६०० किलोमीटरहून अधिक दूर आहे.

तडजोडीच्या दृष्टीने याचा थेट परिणाम होतो. पती वा सासरच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, पक्षकारांना आपसात मिटवता येत नाही. दोघांचे समाधान झाले तरी पोलिसांतील नोंद जिवंत राहते. असा गुन्हा तडजोडीनंतर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात रद्द करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात मान्य केले आणि २०१२ मध्ये मोठ्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मात्र ज्या राज्यात गुन्हा नोंदला असेल, त्याच राज्याच्या उच्च न्यायालयात जावे लागते. समजा, संसार नोएडात होता, पत्नी नागपूरला माहेरी परतली आणि तिने तेथे तक्रार दिली. पतीने दिल्लीत नोकरी धरून साकेतला अर्ज केला. अशा वेळी मध्यस्थी साकेतमध्ये यशस्वी झाली, तरी गुन्हा रद्द करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जावे लागेल. करारनाम्यात कोणते प्रकरण, कोणत्या न्यायालयात, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या खर्चाने मागे घ्यायचे, हे लिहिलेले नसेल, तर तडजोड येथेच अडकते.

घटस्फोटाचा अर्ज कोठे करावा, याबाबत कायदा तुलनेने उदार आहे. विवाह जेथे झाला, दोघे शेवटचे एकत्र जेथे राहिले, प्रतिवादी जेथे राहतो ती ठिकाणे पूर्वीपासून होती. पत्नी अर्जदार असल्यास तिच्या वास्तव्याचे ठिकाणही २००३ च्या दुरुस्तीने जोडले गेले. एका राज्यातील दावा दुसऱ्या राज्यात वर्ग करून घेण्याचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात जातात आणि तेथील मध्यस्थी केंद्राकडे येणाऱ्या वैवाहिक प्रकरणांत अशा अर्जांचा मोठा भरणा असतो. तेथे तडजोड झाल्यास मोठी सोय होते. संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय एकाच आदेशाने विवाहही संपवू शकते आणि निरनिराळ्या राज्यांतील प्रलंबित खटलेही निकाली काढू शकते. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १ मे २०२३ रोजी या अधिकाराची व्याप्ती निश्चित केली. संबंध पुन्हा न जुळण्याइतके तुटले असल्यास एका पक्षाचा विरोध असतानाही सर्वोच्च न्यायालय विवाह विसर्जित करू शकते. तो पक्षकाराचा हक्क नव्हे. आणि कुटुंब न्यायालयाला वा उच्च न्यायालयाला हा अधिकार नाही.

पोलिसांच्या दारातील समेट

राजधानीत बहुतेक विवाहितांची पहिली गाठ मध्यस्थाशी पडत नाही, पोलिसांशी पडते. दिल्ली पोलिसांचे महिला अत्याचारविरोधी कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत असून नानकपुरा येथे महिला व बालकांसाठीचे विशेष पथक आहे. तेथे तक्रार आल्यावर पतीला बोलावून दोघांचे समुपदेशन केले जाते आणि समेट न झाल्यास गुन्हा नोंदवण्याची शिफारस होते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्राथमिकी नोंदवणे बंधनकारक असल्याचा घटनापीठाचा नोव्हेंबर २०१३ चा निकाल वैवाहिक वादांत मर्यादित प्राथमिक चौकशीला मुभा देतो. त्यासाठी साधारण १५ दिवस आणि अपवादात्मक स्थितीत ६ आठवडे, अशी मुदत नंतर घालण्यात आली. छळ सोसून आलेल्या स्त्रीला एकामागून एक तारखांना बोलावत राहणे हे समुपदेशन नव्हे, अशी टीका स्त्री संघटना सातत्याने करीत आल्या आहेत आणि ती निराधार म्हणता येत नाही.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचीही भूमिका सरळ रेषेत गेलेली नाही. जुलै २०१७ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने ४९८-अ च्या तक्रारी आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवाव्यात, असे सांगितले. सप्टेंबर २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने कायद्यात नसलेल्या अशा समित्यांची योजना रद्द केली. पुढे १३ जून २०२२ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशासाठी २ महिन्यांचा शांतता काळ आणि पुन्हा कुटुंब कल्याण समित्या यांची मार्गदर्शक तत्त्वे आखली. त्या काळात अटक टाळावी, असे त्यात म्हटले. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने २२ जुलै २०२५ रोजी या तत्त्वांना मान्यता दिली. त्यामुळे यमुनेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच स्वरूपाच्या तक्रारीची वाट वेगळी होते.

खोट्या तक्रारींना आळा बसावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण समेट ही तक्रार नोंदवण्याची पूर्वअट होऊ लागली, की तो स्वेच्छेचा राहत नाही. ज्या घरात मारहाण आहे, तेथे दोन पक्ष एकाच टेबलाशी बसले म्हणून समान होत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात समुपदेशनाची तरतूद असली, तरी संरक्षण आदेश, राहत्या घराचा आदेश आणि अंतरिम पोटगी मागण्यासाठी समेट फिसकटण्याची वाट पाहावी लागत नाही. मध्यस्थी सुरू असताना हे आदेश मागितले म्हणून बोलणी मोडल्याचा ठपकाही कोणावर येत नाही.

नवा कायदा आणि उपलब्ध साहाय्य

संसदेने संमत केलेल्या मध्यस्थी कायदा, २०२३ ला १४ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ९ ऑक्टोबर २०२३ पासून त्यातील काही कलमे अमलात आली. मूळ विधेयकात दाव्यापूर्वीची मध्यस्थी सक्तीची होती; संसदीय समितीच्या शिफारशीनंतर ती ऐच्छिक झाली. मध्यस्थी १२० दिवसांत, संमतीने आणखी ६० दिवसांत पूर्ण व्हावी, गोपनीयता पाळली जावी आणि झालेला करार न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता यावा, अशी या कायद्याची आखणी आहे. फसवणूक, भ्रष्टाचार वा तोतयेगिरी झाल्यास करारालाही आव्हान देता येते. फौजदारी खटल्यांचे विषय त्यातून वगळले असून, आपसात मिटवता येण्याजोगे वैवाहिक गुन्हे न्यायालय मध्यस्थीला पाठवू शकते. त्याचा अंतिम विचार न्यायालयच करते.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आणि मध्यस्थी प्रकल्प समिती यांनी १ जुलै २०२५ पासून ९० दिवसांची देशव्यापी मध्यस्थी मोहीम हाती घेतली होती. तिच्यासाठी निवडलेल्या प्रकरणांच्या यादीत वैवाहिक वाद अग्रभागी होते.

स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाने दिला आहे. देशभरासाठी १५१००, दिल्ली राज्य विधी सेवा प्राधिकरणासाठी १५१६ आणि संकटातील महिलांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. वस्त्यांमध्ये दिल्ली महिला आयोगाने स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने महिला पंचायतींचा उपक्रम राबवला. तेथे शेजारपाजारच्या प्रशिक्षित स्त्रियाच वाद ऐकतात. त्यांच्या निर्णयाला कायद्याचे बंधन नसते, पण न्यायालयाची भाषा परकी वाटणाऱ्या स्त्रीला आपली बाजू प्रथमच कोणीतरी पूर्ण ऐकून घेतल्याचा अनुभव तेथे येतो.

मध्यस्थीच्या बैठकीला येताना विवाहनोंदणीचा दाखला, दोघांच्या उत्पन्नाची कागदपत्रे, दागिन्यांच्या पावत्या व छायाचित्रे, गृहकर्जाचा तपशील, मुलांच्या शाळेचा खर्च आणि प्रलंबित प्रकरणांची न्यायालयनिहाय यादी सोबत असावी. करारावर सही करण्यापूर्वी मसुदा घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ मागता येतो. बैठक हिंदीत झाली आणि मसुदा इंग्रजीत निघाला, तर त्याचा अर्थ समजेल त्या भाषेत सांगण्याचा आग्रह पक्षकाराने धरावा. सही त्यानंतरची बाब आहे.